दसऱ्याच्या खेपेचं अनुमान

पाटण, जि. उत्तर सातारा
१२ फेब्रुवारी १९५६

चि. त्रिविक्रम यास, औषधासारखे मोजून नव्हे, भरपूर आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. तुझी विमलाक्का ठणठणीत आहे, कल्पना दुसरीत आहे आणि मी अजून सायकलवरूनच रोगी पाहतो आहे. या शेवटच्या गोष्टीसाठीच हे पत्र. परवा डोंगरापलीकडच्या एका म्हाताऱ्याला पाहायला निघालो. चढावर सायकलची चेन तुटली. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याचा मुलगा मला एका शब्दानं बोलला नाही, उलट माझी सायकल खांद्यावर घेऊन मला खाली रस्त्यापर्यंत पोचवायला आला. त्या उतारावर मी ठरवलं की आता मोटार घ्यायची.

तू मोटारीच्या एजन्सीत आहेस आणि तुमच्याकडे ती राजहंस नावाची नवी लहान गाडी मिळते, एवढं मला ठाऊक आहे. किंमत काय, नंबर कधी लागतो, ओळखीपाळखीचा काही उपयोग होतो का, सगळं सविस्तर लिही.

एकच अट. विमलाला यातलं काही कळता कामा नये. पाच वर्षं झाली, ती माहेरी आलेली नाही. एक दिवस गाडी दारात उभी करायची, तिला नुसतं 'बस' म्हणायचं आणि थेट चामराजपेटेत तुमच्या पायरीशी उतरवायचं, असा माझा बेत आहे. म्हणून उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पाकीट बाईसाहेब माझ्याआधी फोडतात.

तुझ्या बहिणीची भाषा मात्र दहा वर्षांत सुधारली नाही. गेल्या आठवड्यात वकिलीणबाईंना सांगत होती, "मला सकाळी कॉफीचा अभ्यास आहे." मी विचारलं, परीक्षा कधी? त्यानंतर दोन दिवस घरात कॉफी बंद. म्हणजे माझी.

तुझा,
उमाकांत


चामराजपेट, बेंगळूर
२५ फेब्रुवारी १९५६

ति. भावोजी, तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

अक्काच्या अभ्यासाला हसू नका. तुम्ही ज्याला सवय म्हणता त्याला आमच्याकडे अभ्यास म्हणतात. कानडी शेजाराचं देणं आहे. अम्माला तर दिवसातून चारदा कॉफीचा अभ्यास आहे.

आता गाडीचं. आमचं शोरूम कॅन्टोनमेंटात आहे. काचेच्या आत एकच राजहंस उभी असते, फिक्या निळ्या रंगाची, बॉनेटवर पितळी हंस. ती विकायची नाही, दाखवायची. विकायच्या गाड्या कारखान्यातून खेपेनं येतात. एका खेपेला सहा-सात गाड्या, आणि रजिस्टरात ठेव भरलेली नावं दोनशेच्या वर.

किंमत फ्रेम करून भिंतीवर लावली आहे. पण त्या किमतीला गाडी नेलेला माणूस मी अजून पाहिला नाही. सीटची कव्हरं आमच्याकडचीच घ्यायची, पायपुसणी आमच्याकडचीच, दुसरा हॉर्न, खिडक्यांना पडदे. नको म्हणाला तर मी म्हणायचं, "सरी, मग पुढच्या खेपेला बघू." ज्याला फारच घाई, त्यानं मालकांना वेगळं भेटायचं, की त्याचा नंबर पुढे येतो. नंबर पुढे आणायचं काम माझं. म्हणून आमचं रजिस्टर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं. माझ्या टेबलावर शाई कमी आणि रबर जास्त. तुम्हाला हे लिहिताना लाज वाटते, पण तुम्ही सविस्तर लिही म्हणालात.

तरी आमचे मालक मालोजीराव मनानं वाईट नाहीत. आमच्यासारखेच तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या घराण्यातले, घरात मराठीच बोलतात. तुमचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "डॉक्टर आहेत, आपले आहेत. ठेव नको, कव्हरं नकोत. भिंतीवरच्या किमतीला देऊ." तुमचा नंबर एकेचाळीस. तो मी शाईनं लिहिला आहे.

अक्काला काही कळणार नाही. अम्मालाही सांगितलेलं नाही, तिच्या पोटात गोष्ट राहत नाही.

तुमचा,
त्रिविक्रम


पाटण
९ जून १९५६

चि. त्रिविक्रम यास आशीर्वाद.

एक आनंदाची बातमी आणि एक पेच. बातमी अशी की विमलाला दिवस गेले आहेत, दिवाळीच्या सुमाराचे. अम्मांना तिचं वेगळं पत्र येईलच. कल्पनाच्या वेळी ती फार अडली होती, हे तुला आठवत असेल. मी डॉक्टर असून दाराबाहेर वेड्यासारखा फेऱ्या घालत होतो. या खेपेला मी तिला आधीच कऱ्हाडच्या दवाखान्यात नेऊन ठेवणार आहे. पण एस.टी.चे धक्के तिला सोसवणार नाहीत. गाडी हवीच.

पेच असा. कऱ्हाडला एका गॅरेजवाल्याकडे अडतीस सालची मॉरिस विकायला आहे. म्हातारी आहे, खोकते, पण चालते. कोयनेच्या धरणावरचा एक कंत्राटदारही तिच्यावर डोळा ठेवून आहे. गॅरेजवाल्यानं मला पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. ती घेतली तर राजहंसचे पैसे उरत नाहीत. दोन्ही होणार नाही.

तू आतला माणूस आहेस. दसऱ्यापर्यंत माझी राजहंस येईल का? तू येईल म्हणालास तर मॉरिसला नाही म्हणतो. नाही म्हणालास तर उद्या जाऊन मॉरिस घेऊन येतो. तू लिहिशील ते शेवटचं.

तुझा,
उमाकांत


बेंगळूर
१७ जून १९५६

ति. भावोजी,

अक्काची बातमी वाचून अम्मानं देवापुढे साखर ठेवली. अक्काला जपा.

गाडीबद्दल. मालकांनी परवा आम्हा चौघांना शोरूममधल्या गाडीवर हात ठेवायला लावून वचन घेतलं आहे, की कारखान्याच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत, लिहायच्या नाहीत, घरच्यांनाही नाही. मी त्यांचं मीठ खातो. तरी तुम्ही अक्काचे यजमान, आणि तुम्ही माझ्या शब्दावर ठरवणार म्हणून एवढंच लिहितो.

दसऱ्याच्या खेपेचं मला अनुमान आहे. तुमच्या पुढची बावीस नावं गेली आहेत, ती कशी गेली ते तुम्ही ओळखा. याहून जास्त लिहिता येत नाही. मॉरिसचं त्याप्रमाणे ठरवून टाका, उशीर करू नका.

तुमचा,
त्रिविक्रम


पाटण
२३ जून १९५६

चि. त्रिविक्रम यास आशीर्वाद.

तुझा इशारा नीट समजला. वचनाच्या कात्रीत असूनही लिहिलंस, हे मी विसरणार नाही. त्याप्रमाणे त्याच दिवशी कऱ्हाडला जाऊन ठरवून टाकलं. जीव भांड्यात पडला.

विमलाला अजून पत्ता नाही. विचारते, हल्ली शीळ का घालता?

तुझा,
उमाकांत


बेंगळूर
१६ ऑक्टोबर १९५६

ति. भावोजी,

आता लिहायला हरकत नाही, सगळ्या शहराला कळलं आहे. राजहंसचा कारखाना बुडाला. गेल्या शुक्रवारी फाटकाला कुलूप लागलं, कोर्टाचा माणूस येऊन चाव्या घेऊन गेला. दसऱ्याच्या खेपेची एकही गाडी आली नाही. यायची नव्हतीच. मे महिन्यापासून कारखान्याला लोखंड मिळत नव्हतं, मजुरांचे पगार थकले होते. कंपनीवाले मालोजीरावांना सांगत होते, कर्ज मिळतंय, थोडं थांबा, तुम्ही गडबड केलीत तर मिळणारं कर्जही जाईल. ते वचन त्यासाठीच होतं. ज्यांना दिल्ली-मुंबईकडून वास लागला ते बावीस जण मुकाट्यानं ठेव काढून गेले. बाकीचे बसून राहिले.

सोमवारी सकाळी शोरूमसमोर दीडशे माणसं होती. कोणी ओरडत नव्हतं, तेच जास्त वाईट वाटलं. एक निवृत्त मास्तर होते, मुलाच्या टॅक्सीसाठी नंबर लावलेला. मला म्हणाले, "तुम्ही पुढच्या खेपेला बघू म्हणालात ना हो?" मी त्यांना तसं सहा वेळा म्हणालो होतो. मालोजीराव बाहेर येऊन पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "घर विकतो, पण सगळ्यांचं परत करतो." खरंच विकताहेत.

ज्यांना गाड्या मिळाल्या त्यांचेही हाल आहेत. सुटे भाग आता कुठून येणार? साधी काच फुटली तर गाडी दाराशी पडून राहणार. शोरूममधली निळी गाडीसुद्धा जप्तीत गेली. बॉनेटवरचा हंस मालकांनी स्वतः काढून माझ्या हातात ठेवला. माझी नोकरीही गेली, पण त्याचं वाईट वाटत नाही.

या सगळ्यात एकाच गोष्टीचं समाधान आहे. तुमचं तरी चांगलं झालं. गाडी कशी चालते? अक्काला बसवलंत का? ती काय म्हणाली ते अक्षरन्‌अक्षर लिहा.

तुमचा,
त्रिविक्रम


पाटण
१४ नोव्हेंबर १९५६

रा. रा. त्रिविक्रमराव यांस,

तुम्ही दहाव्याला आलात. मी तुमच्याशी बोललो नाही. अम्मांसमोर बोलायचं नव्हतं. आता एकदाच लिहितो.

दसऱ्याला गाडी येईल, मग तिला आरामात कऱ्हाडला नेऊ, या भरवशावर मी होतो. दसरा गेला. म्हटलं, चार दिवस इकडे-तिकडे. एकोणीस तारखेला दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. वार पुढे आलेली होती, हे मला हाताला कळलं. माझ्या दवाखान्यात त्यावर काही नाही. दुपारची एस.टी. निघून गेलेली. कंत्राटदाराकडे माणूस पिटाळला. त्याची गाडी धरणावर होती. तीन तासांनी आली.

ती तीच मॉरिस होती. मी सोडलेली. त्यानंच घेतली होती.

मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाडीत बसल्यावर तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "आपली?" मी हो म्हणालो. मल्हारपेठेच्या अलीकडे ती गेली. मूलही गेलं.

दुसऱ्या दिवशी तिची राख अजून गरम असताना दवाखान्यात तुमचं पत्र आलं. गाडी कशी चालते, अक्का काय म्हणाली. ज्यानं गाडी येणार म्हणून सांगितलं त्यानंच हे विचारावं! ती काय म्हणाली ते मी वर अक्षरन्‌अक्षर लिहिलं आहे.

तुमच्या त्या अनुमानावर मी माझी बायको ठेवली. दुकानदार दीडशे लोकांना खेळवतात, त्यात घरचा आणखी एक, एवढंच. यापुढे मला पत्र लिहू नये.

उमाकांत


बेंगळूर
२२ नोव्हेंबर १९५६

ति. भावोजी,

लिहू नका म्हणालात, तरी एकदा लिहितो.

दहाव्याला आलो तेव्हा तुमच्या दारात गाडी दिसली नाही. मी कोणाला विचारलं नाही. तुमचं पत्र वाचून कळलं की तुम्ही मॉरिस घेतलीच नाहीत. भावोजी, का नाही घेतलीत? मी तुम्हाला स्वच्छ लिहिलं होतं, दसऱ्याच्या खेपेचं अनुमान आहे म्हणून. एकही शब्द लिहिणार नाही असं वचन दिलं होतं आणि तुमच्यासाठी मी एक शब्द लिहिला. तुम्हीच उत्तर दिलंत, इशारा समजला. इतकं लिहिल्यावर कोण थांबेल? नव्या गाडीचा मोह पडला का तुम्हाला?

हे विचारायचा मला अधिकार नाही. पण अक्का माझी होती. तीन दिवस झाले, अम्मा जेवलेली नाही. तुम्ही मला खोटारडा म्हणता, आणि मी रोज सकाळी उठून तुमच्यावर रागावतो, संध्याकाळपर्यंत राग टिकत नाही, मग नुसतं रडू येतं.

कल्पनाला जपा.

त्रिविक्रम

(पाकिटावर शेरा: घेण्यास नकार. पाठवणाऱ्यास परत.)


चामराजपेट, बेंगळूर
२३ मे १९६५

प्रिय बाबा,

सुखरूप पोचले, हे तारेनं कळलंच असेल. मॅट्रिकच्या निकालापर्यंत आजीकडे राहा म्हणालात, ते किती जिवावर येऊन म्हणालात ते मला स्टेशनवर दिसत होतं. आजीनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हट्ट धरला नसता तर तुम्ही मला इकडे पाठवलंच नसतं.

आजी सत्तरीची झाली आहे, मला बघून आधी 'विमला' म्हणाली, मग जीभ चावली. मामा वाळला आहे. चिकपेटेच्या पुढे एका दुकानात मोटारींचे सुटे भाग विकतो. जुन्या राजहंस कुठे पडलेल्या असतील तिथून उचलून आणायच्या, सोडवायच्या आणि ज्यांच्या अजून चालतात त्यांना एकेक भाग द्यायचा, हेच त्याचं काम. लांबलांबून माणसं येतात. म्हणतात, या गाडीचा डॉक्टर एकच उरलाय. मामा आम्हाला हे सांगून हसतो. भिंतीवर छापलेल्या किमतीच्या वर एक पैसा घेत नाही, म्हणून दुकानाचा मालक त्याच्यावर चिडलेला असतो.

बाबा, आता जे लिहिते ते बसून वाचा.

काल सकाळी आजी आतून म्हणाली, "कल्पना, त्या दुधाचं मला अनुमान आहे. स्वल्प बघ गं." मी पातेलं उचलून म्हटलं, "दीड शेर तरी असेल." सगळे हसायला लागले. मामा म्हणाला, "अगं, किती आहे ते नव्हे. अनुमान म्हणजे संशय. नासलं असेल, असं तिला वाटतंय."

माझ्या हातात पातेलं तसंच राहिलं. तुमच्या औषधांच्या कपाटात वरच्या खणात एक पत्र आहे, ते मी दहा वर्षांची असल्यापासून चोरून वाचते. दसऱ्याच्या खेपेचं मला अनुमान आहे. मामानं ती खेप येईल असं लिहिलं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं की त्या खेपेची खात्री नाही, गाडी घेऊन टाका. तो तुम्हाला सांगत होता, बाबा.

मी मामाला विचारलं. त्यानं पेटीतून एक पाकीट काढलं, तुम्ही न फोडता परत पाठवलेलं. वर एक पितळी हंस ठेवलेला होता. ते पाकीट मी फोडलं. सोबत पाठवते आहे. आता तरी वाचा.

तुम्ही तो शब्द कसा वाचलात ते मी मामाला सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "आम्हाला शाळेत मराठी नव्हतीच गं. सगळं कानडीत शिकलो. मराठी घरात बोललो तेवढीच. तो शब्द तिकडे दुसरा आहे, हे मला कोण सांगणार?" आणि मग म्हणाला, "सांगितलं असतं, अक्कानं."

नऊ वर्षं तो समजत होता की तुम्ही त्याचं ऐकलं नाही. नऊ वर्षं तुम्ही समजत होतात की त्यानं फसवलं. आई कोणाच्याच बाजूनं नव्हती, आणि तिला यातलं काही माहीतही नव्हतं.

मला इथे कॉफीचा अभ्यास लागला आहे.

तुमची,
कल्पना


पाटण
४ जून १९६५

चि. त्रिविक्रम यास आशीर्वाद, मोजून नव्हे.

मागच्या पत्रात मी तुला 'रा. रा.' लिहिलं होतं आणि 'तुम्ही' म्हटलं होतं. ते आधी परत घेतो. बाकीचं कसं परत घ्यायचं ते कळत नाही, म्हणून कल्पनाचं पत्र येऊन सहा दिवस झाले तरी लिहिलं नव्हतं.

तुझं जुनं पत्र वाचलं. मोह पडला का, असं तू विचारलं होतंस. नाही पडला. मला वाटलं, मेव्हण्यानं वचन मोडून आतली खबर दिली, बावीस गाड्या सुटल्या, आता माझा नंबर. मी खुशीत शीळ घालत होतो. तुझा शब्द मी माझ्या सोयीनं वाचला, कारण तो तसा वाचता येत होता.

तुझ्या बहिणीच्या अभ्यासाला मी दहा वर्षं हसलो. चारचौघांत हसलो. तिचे सगळे शब्द मला पाठ होते, असं मला वाटत होतं, आणि हा एक कधी कानावर आला नाही. किंवा आला असेल. ती माझ्याबद्दल संशय घेणारी बाई नव्हती.

एक गोष्ट मी आजवर कोणाला बोललो नाही. पत्रं दवाखान्याच्या पत्त्यावर पाठव, असं सांगणारा मी. घरी पाठवली असतीस तर तिनं नेहमीसारखं पाकीट माझ्याआधी फोडलं असतं, ती ओळ वाचली असती आणि म्हणाली असती, "अहो, गाडी येत नाही म्हणतोय तो." तिला चकित करायचं होतं मला. त्या एका ओळीचा अर्थ सांगू शकणारं एकच माणूस माझ्या घरात होतं, आणि मी ते पत्र त्याच माणसापासून लपवलं. सहा दिवस मी एवढंच घोकतो आहे.

रागावतोही. तुझ्यावर. एकच शब्द का लिहिलास? चार लिहिले असतेस तर तुझं वचन काही जास्त मोडलं नसतं. 'गाडी येणार नाही.' मोजून बघ, तीनच होतात. पण मीही दोन आण्यांचं पाकीट घेऊन 'म्हणजे काय' असं विचारू शकलो असतो. दोघांनीही तेवढं केलं नाही. हे आता कोणाच्या नावावर मांडायचं मला सुचत नाही, आणि मांडून तरी ती काय परत येणार आहे?

ती मॉरिस अजून आहे. कंत्राटदार धरण संपवून जाताना मला विकून गेला. मी घेतली. दारात उभी असते. घेतल्यापासून मी मागच्या सीटवर कोणाला बसू दिलं नाही, रोग्यालाही पुढे बसवतो. तू आता सुटे भाग विकतोस असं कल्पना लिहिते, तर तिच्या मागच्या दाराची कडी मिळाली तर पाहा. उघडताना अडते.

कल्पनाला न्यायला मीच यावं म्हणतो. अम्मांच्या पाया पडायचं आहे. त्यांची मुलगी मी त्यांच्या दारात आणून सोडणार होतो, आता नात घ्यायला येतो आहे. आलो तर तुम्ही दोघं मला घरात घ्याल, याचं मला अनुमान आहे.

हा शब्द मी तुमच्या घरच्या अर्थानं लिहिला आहे.

तुझा,
उमाकांत


(पोस्टकार्ड)

बेंगळूर
८ जून १९६५

ति. भावोजी,

अनुमान नको. या. स्टेशनवर मी आमचा घोड्याचा जटका घेऊन उभा आहे. अम्मानं विचारलं, ते कॉफी किती गोड घेतात. मला आठवेना. कल्पनाला विचारलं, तर ती म्हणाली, बाबा रोज सकाळी दोन कप करतात, त्यातला एक गार होतो.

त्रिविक्रम